नायिकेचा लाल रंग

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. १९४३ च्या लंडनमध्ये घडणाऱ्या नाटकासाठी तू काढलेली वेशभूषेची चित्रे पाहिली. हात सफाईचा आहे; पण टेलिफोन ऑपरेटर असलेल्या नायिकेला तू दिलेला पायघोळ, भरपूर घेराचा लालभडक झगा त्या काळच्या अमेरिकी रंगीत चित्रपटांतून उचललेला आहे, हे लगेच ओळखू येते.

ते चित्रपट अवश्य पाहा, मात्र त्यांतला रंग कसा घडवला जात असे तेही समजून घे. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीचा अवजड कॅमेरा एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्ह टिपत असे, त्यासाठी डोळे दिपवणारा प्रकाश लागे, आणि कोणता रंग पडद्यावर कसा उमटेल हे पाहण्यासाठी नॅटली कॅल्मस यांच्यासारख्या रंगसल्लागार नेमलेल्या असत. अभिनेत्री रीटा हेवर्थचे ते प्रसिद्ध तांबडे केससुद्धा मुळात गडद होते. तुझी नायिका हा झगमगाट तिकीट काढून पाहणार आणि घरी येऊन कुपने मोजणार.

ती कुपने तिच्या अंगावर दिसली पाहिजेत. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली आणि एका लोकरी झग्यालाच त्यांतली ११ जात. १९४२ मध्ये तर चुण्या आणि बटणे किती असावीत यावरही सरकारी मर्यादा आली. तेव्हा घेर काढून टाक, लांबी गुडघ्याशी थांबव आणि खांदे चौकोनी ठेव.

येथे मी केलेली चूक मात्र करू नकोस. टंचाई म्हणजे करडा रंग, असे समजून मी एका युद्धकालीन नाटकात झाडून सगळ्या पात्रांना राखाडी कपडे चढवले, आणि साऱ्या कपडेपटावर धूळ बसल्यासारखे दिसू लागले. वस्तुतः बंधनाचा रोख कापडावर आणि शिलाईवर होता. टोपीला कुपन लागत नसे, कारखान्यातल्या मुली डोक्याला रंगीत रुमाल बांधत, जॅकमार कंपनी युद्धाच्या घोषणा छापलेले स्कार्फ विकत असे, आणि लिपस्टिक मिळेनाशी झाली की काही जणी बीटाच्या रसाने ओठ रंगवत. तुझा लाल रंग झग्यावरून काढून ओठांवर आणि रुमालावर आण. झगा गडद निळाच राहू दे.

रेशमी पायमोजेही काढून टाक. तिसऱ्या प्रवेशात ती नाचाला निघते, तेव्हा मोजे घातल्याचा भास व्हावा म्हणून बहीण भुवयांच्या पेन्सिलीने तिच्या उघड्या पोटरीवर मोज्याच्या शिवणीची रेघ काढते आहे, असे दिग्दर्शकांना सुचवून पाहा. रेघ थोडी वाकडी गेली तरी चालेल. तिला उशीर झालेला आहे.

कापडाचे नमुने घेऊन मंगळवारी ये. दुपारभर मी कपडेपटातच असेन.