खेड्यात काम करायचंय म्हणते? आधी एका घरच्या बकऱ्यांचा हिशेब लिहून आणू दे

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लोकमान्य नगरचं घर, मुलगी आपल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयात बीएस्सी अॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला, बाबा बँकेतून रिटायर. बाबा म्हणतात आयबीपीएस ही बँकभरतीची परीक्षा दे आणि बँकेत शेतीकर्जं बघणारी अॅग्रीकल्चर फील्ड ऑफिसर हो, आणि ती म्हणते मला धार-झाबुआकडच्या गरीब शेतकरी घरांबरोबर काम करायचंय. तुम्ही विचारलंय, हे करिअर आहे की समाजसेवेचं खूळ?

करिअर आहे. पण समाजसेवा म्हणून निघाली असेल तर जाऊच नको म्हणा, कारण तशी गेलेली पोरं वर्षभरात वैतागून परत येतात आणि गावालाच नावं ठेवतात. हे काम हिशेबाचं आहे.

मी स्वतः धारकडे सहा वर्षं होते आणि पहिल्याच वर्षी माती खाल्ली. वीस-बावीस घरांना टोमॅटो लावायला लावला, रोपं चांगली, औषधं वेळेवर, पीक असं आलं की मी फोटो काढून घरी सगळ्यांना दाखवत होते. आणि सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात पिकला. चोइथराम मंडीत त्या दिवशी कॅरेटला साठ रुपये भाव निघाला, त्यातून गाडीभाडं, हम्माली, आढत म्हणजे दलाली वजा होऊन एका बाईच्या हातात तेरा कॅरेटचे मिळून एकशे दहा रुपये पडले. तिने ते लुगड्याच्या गाठीला बांधले आणि मला म्हणाली, बस, चहा पी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चूक माझी होती, तिची नाही. तिच्या घरचं गणित मी कधी विचारलंच नव्हतं. पावसाळ्यात मका-सोयाबीन, दारात चार बकऱ्या, पाच-सात कोंबड्या, दिवाळीनंतर नवरा-बायको गुजरातला बांधकामावर आणि होळीआधीच्या भगोरिया मेळ्याच्या आसपास परत. आपल्याला हे मागासलेपण वाटतं, पण एक बाजू बुडाली की दुसरी तारते अशी ती मांडणी आहे. मी टोमॅटोसाठी त्यांना गुजरातला जाऊ दिलं नाही, म्हणजे तारणारी बाजूच काढून घेतली ना! २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातले ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले होते आणि सरासरी धारणा १.०८ हेक्टर, आता एवढ्याशा जमिनीवर एकाच पिकाचा जुगार कोण खेळेल?

मग काय चालतं? छोटं चालतं, टप्प्याटप्प्याने केलेलं चालतं. पाव बिघ्यात मंडप घालून कारली-गिलकी, पण सगळ्या गावाची लावणी एका दिवशी नाही, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. बकऱ्या वाढवण्याआधी बकऱ्या मरायच्या थांबवणं, पीपीआर या बकऱ्यांच्या साथरोगाची लस, पावसाळ्याआधी आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस, जंताचं औषध, आणि हे करायला गावातलीच एक शिकवलेली बाई, तिला पशुसखी म्हणतात, ती बकरीमागे थोडे पैसे घेते आणि घ्यायलाच हवेत. (महाराष्ट्रातले नातेवाईक शेळी म्हण म्हणतात, आम्ही इंदूरवाले बकरीच म्हणणार.) कडकनाथ ऐकलाच असेल, झाबुआचा काळा कोंबडा, २०१८ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळे त्याच्यामागे धावतात, पण पिल्लांना राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस वेळेवर मिळाली नाही तर जीआयचा कागद घेऊन करायचं काय.

मोठ्या प्रमाणावर झालेलं बघायचं असेल तर नर्मदापुरमकडे केसला आहे, तिथे प्रदान या संस्थेच्या लोकांनी आदिवासी बायकांची ब्रॉयलर कोंबड्यांची सहकारी संस्था उभी केली, शेड प्रत्येकीची आपली पण पिल्लं, खाद्य, विक्री एकत्र. दुसरं म्हणजे बाएफ या संस्थेची वाडी, १९८२च्या सुमारास गुजरातच्या वांसद्यात सुरू झालेली, एक एकरात आंबा-काजूची कलमं, मध्ये भाजीपाला किंवा धान्य आणि कडेने लाकूडफाट्याची झाडं. कलम फळाला यायला चार-पाच वर्षं लागतात आणि तोवर घर मधल्या पिकावर चालतं, सगळी अक्कल त्या मधल्या पिकात आहे.

आता रस्ते. प्रदानमध्ये नव्या मुलांना साधारण वर्षभर गावातच ठेवून शिकवतात, तिच्यासारखीला ते उत्तम. समाज प्रगती सहयोग ही संस्था तर शेजारच्याच देवास जिल्ह्यात, बागलीला. पुढे शिकायचं असेल तर ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारं आणंदचं इरमा, अमूलवाल्या कुरियन साहेबांनी १९७९ला काढलेलं, आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठात गेलंय, नाहीतर भोपाळचं वनप्रबंधन संस्थान. शेतकरी उत्पादक कंपन्यांना सीईओ लागतात, पण आधी दोन वर्षं गावात काढल्याशिवाय ती खुर्ची घेऊ नये, आढतिया दोन मिनिटांत ओळखतो की समोरच्याला काही कळत नाही.

पैशाचं खरं सांगते, सुरुवातीला बँकेपेक्षा कमीच मिळेल, नंतरही बहुतेक कमीच. पण बाबांना सांगा, फील्ड ऑफिसरच्या परीक्षेला तीस वर्षांपर्यंत बसता येतं आणि पोरगी बावीसची आहे. दोन-तीन वर्षं गावात काढून बँकेत गेली तर किसान क्रेडिट कार्डाची फाइल बघून तिला समोरचं घर दिसेल.

सेफ्टीची काळजी तुम्ही लिहिली नाही पण असणारच. जिथे जाईल तिथे विचारायचं, मुली राहतात कुठे, संध्याकाळी गावातून परत कशा येतात, सीनियर बायका किती आहेत, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती आहे का. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की २०१३च्या कायद्याने ती लागतेच. उत्तर गोल गोल आलं तर तिथे नको.

आणि निर्णय आत्ता घेऊच नका. ती ज्या कॅम्पसमध्ये शिकते तिथेच अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने शेण-काडीकचऱ्यापासून खत करायची इंदूर पद्धत बसवली, आणि तो साहेब शेतकऱ्यालाच आपला मास्तर मानायचा. तिनेही तेच करावं. परीक्षा संपली की गंगवाल बसस्टँडहून धारची बस पकडायची, कॉलेजच्या ओळखीने एखाद्या गावात चार दिवस राहायचं आणि एका घरच्या बाईजवळ बसून तिच्या बकऱ्यांचा वर्षाचा हिशेब लिहायचा. किती व्याल्या, किती मेल्या, कोणती कुठल्या अडचणीला विकली, भाव कोणी ठरवला. एक पान पुरे. लिहिताना कंटाळा आला तर आयबीपीएसचा क्लास लावा, रात्री झोप उडाली तर मला फोन करा. आणि ते पान आधी बाबांना दाखवू दे, आयुष्यभर लोकांची खाती तपासलीत त्यांनी, कुठे चुकलंय ते माझ्याआधी त्यांनाच दिसेल.