झाडी साफ करायला मिनी ट्रॅक्टर? एफडी मोडायच्या आधी थोडं थांबा

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की इंदूरजवळ सिमरोलच्या पुढे चोरलकडे वडिलांची ४ एकर जमीन आहे, १०-१२ वर्षं कोणी हात लावला नाही म्हणून घाणेरी, विलायती बाभूळ आणि पळसाने भरून गेलीय, तुम्ही इंदूरहून पीथमपूरला नोकरीला जाता, रविवारी रविवारी जाऊन स्वतः साफ करायची इच्छा आहे आणि त्यासाठी २४ एचपीचा फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारा) मिनी ट्रॅक्टर नि रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) मिळून ७ लाखांचं कोटेशन आणलंय. पैसे साडेसात लाखांच्या एफडीतून, नाहीतर ५ लाखांचं लोन. मुलगी अकरावीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रॅक्टर घ्या, पण या वर्षी नको, आणि झाडी काढायला तर नकोच.

झाडी काढणं हे एकदाच करायचं काम आहे, ट्रॅक्टर वर्षानुवर्षं वापरायची वस्तू. या दोन्हींची गाठ मारली की पैसा फसतो. आमच्या मामांनी मानपूरकडे हेच केलं होतं, पडीक जमीन मोडायची म्हणून छोटा ट्रॅक्टर आणला, पहिल्याच महिन्यात रोटाव्हेटरची पाती मुळांवर आपटून तुटली, गिअरबॉक्सचं काम निघालं, काटे घुसून टायर पंक्चर होत राहिले, शेवटी जेसीबी बोलवावाच लागला आणि ट्रॅक्टर तीन वर्षं शेडमध्ये उभा राहिला, हप्ते मात्र चालू. त्या वेळी मी या कामात नवखा होतो आणि मामांना नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही, ते अजून मनाला लागतं, म्हणून तुम्हाला इतकं स्पष्ट लिहितोय.

मिनी ट्रॅक्टर वजनाला साधारण टनभर. रोटाव्हेटर मऊ मातीसाठी असतो, खोडांसाठी नाही. विलायती बाभूळ वरून छाटली तर खालून अजून जोरात फुटते, घाणेरीचंही तसंच, म्हणजे मुळाचा गड्डाच निघायला हवा. ते ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढायचं म्हटलं तर प्लीज एक गोष्ट लक्षात ठेवा, साखळी मागच्या एक्सलच्या वर कुठे अडकवली आणि खोड हललं नाही तर पुढची चाकं उचलून अख्खा ट्रॅक्टर मागे चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. माणसं यात जातात. नवशिक्याने एकट्याने रविवारी जाऊन हे करू नये, मी हात जोडून सांगतो. जेसीबी ३डीएक्स ७६ एचपीचा, वजन ७ टनांच्या वर, त्याला हे काम म्हणजे रोजचं.

आता पैशाचं बघू. जेसीबीचा तुम्हाला सांगितलेला रेट १२०० रुपये तास. ४ एकराला ३० तास धरा, ३६ हजार. त्याआधी मजूर आणि चेनसॉ लावून मोठी झाडं वेगळी करणं, लाकूड रचणं, त्याचे ३०-३५ हजार धरा. म्हणजे ६६ ते ७१ हजारांत जमीन मोकळी. ऑपरेटरला फक्त एवढं बजावून सांगा की बकेटच्या दातांनी मुळं उपटायची, ब्लेड लावल्यासारखं सपाट खरवडायचं नाही, नाहीतर वरची चांगली माती झाडीच्या ढिगाऱ्यात जाते आणि खाली मुरूम उरतो. काम फेब्रुवारी ते मे मध्ये उरका. पाऊस पडला की घाणेरीची रोपं परत उगवणार, ती लहान असतानाच उपटायची, दोन पावसाळे तरी हे करावं लागतं, यावर मशीनचा इलाज नाही.

मग ट्रॅक्टर कधी परवडतो? ७ लाखांची वस्तू, १० वर्षांनी अडीच लाखांना विकली असं धरलं तर वर्षाचा घसारा, म्हणजे उतरलेली किंमत, ४५ हजार. अडकलेल्या पैशावरचं ७ टक्क्यांचं व्याज सरासरी ३३ हजार. इन्शुरन्स, सर्व्हिस, टायर धरून २० हजार. झाले ९८ हजार, ट्रॅक्टर एक इंच न हलवता. वर डिझेल तासाला २३० च्या आसपास. गावात रोटाव्हेटरसकट भाड्याचा ट्रॅक्टर तुम्हाला १००० रुपये तासाने मिळतोय, ड्रायव्हर आणि डिझेल त्यातच. म्हणजे वर्षाला सव्वाशे तासांच्या वर काम असेल तरच स्वतःचा स्वस्त. तुमच्या ४ एकरात सोयाबीन आणि गहू दोन्ही घेतले तरी माझ्या हिशोबाने ६० तास, फार तर ७०. शेजारच्यांची कामं करून देईन म्हणाल तर रविवार एकच असतो.

लोनचं पण सांगतो. ५ लाख, १२ टक्के, ५ वर्षं म्हणजे महिना ११,१२० च्या आसपास हप्ता आणि व्याजापोटी १ लाख ६७ हजार. सोसायटीचं झिरो टक्केवालं कर्ज पिकासाठी असतं, ट्रॅक्टरला ते मिळत नाही, डीलरकडे कोणी तसं बोललं तर ऐकू नका. आणि एफडी तर मोडूच नका. तुमचा घरखर्च ४५ हजार लिहिलाय, ६ महिन्यांचे २ लाख ७० हजार बाजूला ठेवायलाच हवेत, उरलेले मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या फीला लागणार, तेही दीड वर्षात. त्या पैशाला ट्रॅक्टरचं नाव देऊ नका.

दोन वर्षं भाड्याने करून बघा, तासांची वही ठेवा. फळबाग वगैरे लावून वर्षाला सव्वाशेच्या वर जायला लागले, तर खुशाल घ्या. त्या वेळी एचपीच्या आकड्यावर जाऊ नका, २४ ते २८ मध्ये काहीही चालेल. फोर बाय फोर हवाच, कारण चोरलकडचा उतार. उलटला तरी चालवणारा वाचावा म्हणून मागची लोखंडी कमान आणि सीट बेल्ट असलेलाच घ्या, ही गोष्ट भावात सोडून देऊ नका. पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट), लिफ्ट (अवजार उचलणारी यंत्रणा) बघा आणि सर्व्हिसवाला महू किंवा सिमरोलपर्यंत येतो का ते विचारा, कारण पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर बंद पडला तर कंपनीचं नाव कामाला येत नाही. जुना घेतलात तर आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि बँकेची एनओसी आहे का ते आधी तपासा. नवीन घेतलात तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर दोन्हींवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, बिलात ५ च लागलाय ना ते बघा, तुमचं कोटेशन मला जुन्या भावाचं वाटतंय. रोटाव्हेटरसाठी मध्य प्रदेश सरकारच्या ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज टाकून ठेवा, लॉटरी असते, पण अर्जच नसेल तर नंबर कसा लागणार.

या सगळ्याच्या आधी एक काम, उद्याच करा. खसऱ्याची (जमिनीच्या सरकारी नोंदीची) नक्कल काढा. त्यात 'छोटे झाड का जंगल' किंवा 'बडे झाड का जंगल' असा शेरा असेल तर १९८० चा वन कायदा मध्ये येऊ शकतो, तिथे एक फांदी तोडायच्या आधी वकील गाठा. शेरा नसला तरी सागवान वगैरे झाडं स्वतःच्या जमिनीतली असली म्हणून मनाने तोडता येत नाहीत, तहसीलला आणि वनविभागाला विचारून लेखी घ्या. घाणेरीला अर्थात कोणी अडवणार नाही. नक्कल हातात आली की फोटो पाठवा, मग जेसीबीवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा की नाही ते ठरवू.