बॅनर छापायच्या आधी वाच

अरे, तुझा मेसेज सकाळीच बघितला, पण मोबाइलवर टाइप करायला मला वेळ लागतो म्हणून आत्ता रात्री निवांत लिहितोय. ब्लॅक बेल्टबद्दल परत एकदा अभिनंदन. आता नोकरी सोडून ज्युदोचा स्वतःचा क्लास काढायचा म्हणतोस, आणि बॅनरवर नावाच्या आधी 'मास्टर' लावू का विचारतोस. लाव की, फ्लेक्सवाला काय, म्हणशील ते छापून देईल.

पण त्याआधी गुंजी कोइझुमीचं ऐक. जपानातल्या इबाराकीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, जन्म १८८५ चा. जुजुत्सू, म्हणजे ज्या जुन्या जपानी कुस्तीविद्येतून ज्युदो निघाला ती, शिकला होता पण डोक्यात होती वीज, इलेक्ट्रिकचं शिकायला अमेरिकेत जायचं होतं, मग काय, काम करत करत सिंगापूर, भारत असं करत १९०६ ला पठ्ठ्या वेल्समधे उतरला. लिव्हरपूलला नि लंडनला जुजुत्सू शिकवलं, मग न्यूयॉर्क, मग परत लंडन, तिथे विजेचा धंदा काढला तो काही चालला नाही, शेवटी जपानी लाखकामाच्या वस्तूंचा व्यवसाय सुरू केला आणि त्यात इतका मुरला की व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्यांच्याकडच्या लाखकामाच्या नोंदींसाठी त्याचीच मदत घेतली. १९१८ ला लंडनमधे बुडोक्वाई क्लब काढला तेव्हा पोटापाण्याचा धंदा असा वेगळा होता. त्यामुळे फी बुडेल म्हणून कुणाला खूश ठेवायची वेळ येत नाही. तुझ्या नोकरीचं म्हणतोय मी, कळलं ना.

आता खरी गोष्ट. १९२० च्या जुलैमधे जिगोरो कानो, म्हणजे आपल्या ज्युदोचा जनक, लंडनला आला. कोइझुमी तेव्हा पस्तिशीचा, स्वतःच्या क्लबचा संस्थापक. जोडीला युकिओ तानी, क्लबचा पहिला मुख्य शिक्षक. हा तानी म्हणजे अंगाने लहान पण म्युझिक हॉलच्या स्टेजवर उभा राहून येईल त्या पैलवानाला चॅलेंज द्यायचा, लंडनमधे त्याचं नाव होतं रे. आणि या दोघांनी काय केलं? जुजुत्सू सोडून कानोचा ज्युदो पत्करला आणि त्याने दिला तो सेकंड डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची दुसरी पायरी, घेतला. सेकंड! इतकी वर्षं शिकवून. आपल्याकडे एखाद्या सरांना असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी वेगळी असोसिएशन काढली असती, हसू नकोस, मी बघितलंय.

मी स्वतः पंचविशीत 'मास्टर' म्हणवून घ्यायचो. पोरांना फेकून दाखवायला मजा यायची, त्यांना नीट पडायला शिकवायचा मात्र कंटाळा. एकाचा खांदा निखळला तेव्हा त्याच्या आईसमोर उभं राहताना तो शब्द फार जड झाला.

तानीला १९३७ ला स्ट्रोक आला, तरी तो नंतरही मॅटच्या कडेला बसून शिकवायचा. तुला त्या कडेला बसून शिकवता येईल का, म्हणजे फेकून न दाखवता नुसतं बघून आणि बोलून? तेवढं करून बघ. रविवारी सकाळी सातला ये, आठ वर्षांच्या पोरांची बॅच आहे, सगळी नवीन. मी खुर्चीत बसणार, तू त्यांना फक्त ब्रेकफॉल, म्हणजे न लागता नीट पडायचं कसं, ते शिकवायचं. बॅनरचा ॲडव्हान्स दिला नसशील तर सध्या देऊ नकोस.