ग्रामीण ग्रंथालयांवर संशोधन करण्यासारखं काही उरलंय का?

तुम्ही विचारलंय की एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर पीएच.डी.साठी महाराष्ट्रातली ग्रामीण ग्रंथालयं हा विषय घ्यावा, की त्यावर सगळं लिहून झालंय? माझं मत: जरूर घ्या. प्रबंध पुष्कळ आहेत, पण गावातला वाचक त्यांत फारसा भेटत नाही.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, एखाद्या जिल्ह्याचं नाव टाकून सार्वजनिक ग्रंथालयांवरचे प्रबंध उघडून बघा. साचा बहुधा एकच: १९६७ च्या ग्रंथालय कायद्यावर एक प्रकरण, ग्रंथपालांना दिलेली प्रश्नावली, मग इमारत, फर्निचर, ग्रंथसंख्या, संगणक यांचे शेकडेवारीचे तक्ते आणि शेवटी अनुदान वाढवण्याची शिफारस. शिफारस रास्तच आहे. 'ड' या सगळ्यात खालच्या वर्गाच्या ग्रंथालयाला कित्येक वर्षं वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळत. त्यातले निम्मे पगारासाठी, म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला साडेबाराशे. पुढे अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी त्यात घर चालत नाही. मात्र एवढंच पुन्हा सिद्ध करायला आणखी एक प्रबंध नको.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. ग्रंथालयाचा वर्ग ग्रंथसंख्या, सभासदसंख्या अशा निकषांवर ठरतो आणि वर्गावर अनुदान. त्याच ग्रंथपालाला तुम्ही आकडे विचारले तर तो वार्षिक अहवालातलेच सांगणार. त्याला दोष कसा द्यायचा? २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची सरकारी पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या मान्यता नि वर्गबदल कित्येक वर्षं थांबले. आकडा चुकला तर काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून प्रश्नावली बाजूला ठेवा आणि देवघेव नोंदवही, म्हणजे कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं याची वही, मागा. कोणतं पुस्तक किती हात फिरलं, सुगीत देवघेव किती घटते, बाईच्या नावावरची पुस्तकं कोण नेतं, दाखल नोंदवहीतली (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वहीतली) किती पुस्तकं एकदाही बाहेर गेली नाहीत, हे सगळं तिथं सापडतं. मग संध्याकाळी तिथंच बसा. बऱ्याच गावांत आता कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाकडे पाठ करून पोलीस भरती नि तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन बसलेली असतात. ग्रंथालयाची अभ्यासिका झाली, हा गेल्या काही वर्षांतला मोठा बदल आहे आणि त्यावर मला मन लावून केलेलं काम हवंय. ग्रंथालयाची पायरी कधीच न चढलेल्यांनाही गाठा, विशेषतः वस्तीवरच्या आणि शेतमजूर कुटुंबांतल्या माणसांना.

जिल्हा नको, एक तालुका घ्या. त्यातलीही चार-पाचच ग्रंथालयं. 'नमुना लहान आहे' असा आक्षेप येईल, तेव्हा मार्गदर्शकांशी नोंदणीआधीच बोलून घ्या. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाची लेखी परवानगी काढा आणि जुन्या नोंदवह्यांचे फोटो पहिल्याच भेटीत घ्या. जागा कमी पडली की सगळ्यात आधी त्याच रद्दीत जातात.