पोट-ओटीपोटाची सोनोग्राफी: दुखत नाही, पण पाण्याचं गणित सांभाळा

तुमचा प्रश्न असा: आईचं वय ५८, शुगर आहे, डॉक्टरांनी होल ॲब्डोमेनची सोनोग्राफी लिहून दिलीय. राहायला कासारवडवली, सेंटर नौपाड्यात. दुखतं का, उपाशी कशाला, पाणी किती?

मी ठाण्यातच एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते, त्यामुळे बाहेरच्या बाकड्यावर काय काय चालतं ते रोज बघते. दुखत नाही. सुई नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत, नुसत्या ध्वनिलहरी.

सगळा घोळ होतो तो तयारीत. पोट रिकामं हवं आणि मूत्राशय भरलेलं हवं, दोन्ही एकाच वेळी. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि मग आतला खडा नीट दिसत नाही. शिवाय आतड्यांत गॅस असला की या लहरी हवेत अडतात आणि पलीकडचं स्वादुपिंड झाकलं जातं. म्हणून सहा ते आठ तास काही खायचं नाही. "खाल्लं काही नाही हो, फक्त चहा घेतला" हे वाक्य आमच्याकडे रोजचंच. दुधाचा चहा चालत नाही. साधं पाणी चालतं.

आईंना शुगर आहे, तेव्हा सकाळची पहिली वेळ मागून घ्या. उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. त्या दिवशीच्या डोसचं काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. खायचा डबा बरोबर ठेवा, आणि मध्येच घाम सुटला, हातपाय थरथरले तर सोनोग्राफी राहू दे, आधी साखर द्या.

आता पाणी. मूत्राशय भरलं की आतडी बाजूला सरकतात आणि गर्भाशय, अंडाशय स्पष्ट दिसतात. साधारण चार-पाच ग्लास, तासभर आधी. पण कृपा करून घरून पिऊन निघू नका! घोडबंदर रोडला ट्रॅफिक लागला आणि रिक्षा माजिवड्याला अडकली की काय हाल होतात ते मी रोज येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर बघते. सेंटरला पोचा, नाव लावा, किती नंबर पुढे आहेत ते विचारा, मग प्यायला घ्या. घटाघटा नको, रिकाम्या पोटी मळमळतं. मग आमच्यापैकी कोणीतरी "प्रेशर आलं का?" म्हणून विचारत राहील. "थोडं थोडं" याचा अर्थ आम्ही "नाही" असाच धरतो. फार ताणूनही बसायचं नाही. मूत्राशय तुडुंब झालं तर मूत्रपिंडंही किंचित फुगलेली दिसू शकतात, मग डॉक्टर थोडी लघवी करून यायला सांगतात. थोडी करून मध्येच थांबायचं, हे सांगणं किती सोपं!

कपडे वरचे-खालचे वेगळे असले की बरं, पोट तेवढंच उघडं करता येतं. आत एसी असतो, जेलही गार लागतं. डॉक्टर प्रोब, म्हणजे लहरी सोडणारं हातातलं यंत्र, पोटावर फिरवतात, "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" म्हणतात, कुशीवर वळायला सांगतात. भरलेल्या मूत्राशयावर दाब पडतो तेवढाच काय तो त्रास. आमच्याकडे शेजारी टायपिस्ट बसलेली असते आणि डॉक्टर तिला इंग्रजीत भराभर मापं सांगतात. त्यातला एखादा शब्द कानावर पडला की पेशंट घाबरतात. एकच जागा दोन-तीनदा मोजली म्हणजे काही सापडलं असं मुळीच नाही. शेवटी लघवी करून आल्यावर कधी कधी पुन्हा बघतात, आत किती उरलीय ते कळायला. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास.

गर्भाशय पोटावरून नीट दिसलं नाही तर योनीमार्गातून बघू का, असं विचारू शकतात. त्याला मूत्राशय रिकामं लागतं, बारीक प्रोबवर कव्हर असतं. आईंच्या संमतीशिवाय करत नाहीत, नको असेल तर त्यांनी सरळ नाही म्हणावं. लेडी डॉक्टर हव्या असतील तर फोनवरच विचारा, ऐन वेळी सोय होत नाही.

रिपोर्टमध्ये गर्भाशयापुढे 'ॲट्रॉफिक' दिसलं तर दचकू नका. पाळी गेल्यावर ते आकसतंच, अंडाशयही कधी दिसत नाहीत. 'बाऊल गॅस' लिहिलं असेल तर तेवढा भाग गॅसमुळे दिसला नाही एवढंच. जुने रिपोर्ट असतील तर घेऊन या. आधीची गाठ किंवा खडा वाढलाय का, हे मागचं माप हातात असल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि पोटात जळजळ होते म्हणून ही तपासणी लिहून दिली असेल तर एक लक्षात घ्या: जठरातला अल्सर सहसा यात कळत नाही. त्यासाठी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी लागते, आणि ती करायची की नाही ते डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील.