पिशवीची गाठ, पण पिशवीबाहेर

प्रश्न : माझे वय 43 असून मला दोन मुले आहेत. तीन महिन्यांपासून ओटीपोटात उजवीकडे जडपणा वाटतो आणि कमरेत ठणकते. पाळी मात्र नियमित आहे. पहिल्या सोनोग्राफीत उजव्या बीजकोशाची 9 सेंटिमीटरची गाठ असल्याचे सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी तीच गाठ ‘ब्रॉड लिगामेंट फायब्रॉईड’, म्हणजे गर्भाशयाच्या बाजूला वाढलेली स्नायूंची गाठ, ठरली. रक्तातील सीए-125 (बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारा घटक) थोडे वाढलेले आहे. घरचे सगळे धास्तावले आहेत. गर्भाशयाची पिशवी काढून टाकावी का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, दोन रिपोर्ट वेगळे आले म्हणून कोणी हलगर्जीपणा केला असे लगेच समजू नका. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना पोटाच्या आवरणाची जी दुहेरी घडी (ब्रॉड लिगामेंट) असते, तिच्यात वाढलेला फायब्रॉईड बीजकोशाला अगदी खेटून बसतो आणि सोनोग्राफीत सहज फसवतो. पिशवीच्या पोकळीशी त्याचा संबंध नसल्याने पाळीही बिघडत नाही. सीए-125 फायब्रॉईड, एन्डोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढणे), इतकेच काय पाळीच्या दिवसांतही वाढू शकते. त्या एका आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही.

आता एमआरआय करून घ्या. उजवा बीजकोश गाठीपासून वेगळा दिसतो का आणि गर्भाशयातून गाठीकडे रक्तवाहिन्या जाताना दिसतात का, हे त्यात पाहतात. दोन्ही गोष्टी दिसल्या तर फायब्रॉईडचीच शक्यता बळावते.

मला अधिक काळजी वाटते ती तुमच्या कमरेच्या ठणक्याची. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी याच जागेतून जाते. गाठीने ती दाबली गेली, तर फारसा त्रास न होताही मूत्रपिंड फुगत जाते. म्हणून मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) या तपासण्या याच आठवड्यात करा.

मूत्रवाहिनी दाबली जात असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. गाठ मुळात त्या घडीतच उगवलेली असेल, तर मूत्रवाहिनी बहुधा तिच्या आतल्या बाजूला सापडते. गर्भाशयाच्या भिंतीतून बाहेर सरकलेली असेल, तर बाहेरच्या बाजूला. त्यामुळे अनुभवी सर्जन वरचे आवरण उघडून गाठीच्या कवचाच्या आतच राहून ती सोलून काढतात आणि मूत्रवाहिनी नजरेने ओळखून घेतात. हलका स्पर्श होताच ती अळीसारखी वळवळते, हीच तिची खूण. आकार आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून कधी आधी हार्मोनची इंजेक्शने देतात.

पिशवी काढायलाच हवी असे नाही. दुसरा दोष नसेल, तर नुसती गाठ काढता येते, आणि मुले झाली एवढे एकच कारण मला पुरेसे वाटत नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली, तर गाठीचे तुकडे पोटात सोडलेल्या बंद थैलीतच करणार का, हे आवर्जून विचारा; उघड्यावर केल्यास पोटात राहिलेले कण आतड्याच्या आवरणावर रुजून पुन्हा वाढल्याची उदाहरणे आहेत, आणि क्वचित गाठ कॅन्सरची निघाली तर तो पसरण्याचा धोका असतो. काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे.