आधी रिंगजवळ ये

बास्केटबॉलचा शॉट शिकताना थ्री-पॉइंट लाइनवरून (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात ती लांबची रेषा) सुरुवात करू नकोस, एवढं माझं ऐक. रिंगपासून चार-पाच फुटांवर उभा राहा आणि एकाच हाताने शॉट मार. चेंडू बोटांच्या पेरांवर हवा, तळव्यात रुतलेला नको. दुसरा हात नंतर आण, तोही नुसता बाजूने आधाराला. त्याचा अंगठा ढकलायला लागला की चेंडू तिरका फिरतो. ही खोड मोडायला मला फार दिवस लागले. जोर गुडघ्यांतून येऊ दे. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर, चेंडूचा साधारण 24. चेंडू उंचावरून उतरला तरच ही जागा नीट मिळते, सपाट फेकलास तर कडेवर आपटतो. लहान मुलांना शिकवताना मात्र रिंगच खाली घे, नाहीतर ती खांद्यावरून चेंडू भिरकावायला शिकतात.